रासायनिक अभिक्रियेतील उष्णता कशी मोजावी: कळीच्या चुन्यापासून मोरचुदापर्यंत

जालना आणि पैठण परिसरातील मोसंबीच्या बागांमध्ये पावसाळ्याआधी खोडांना बोर्डो पेस्ट (मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, आणि चुना यांचा लेप) लावण्यासाठी कळीचा चुना भिजवला जातो, तेव्हा बादलीखाली जाळ नसतानाही पाणी खदखदू लागते. त्याच शेतकऱ्याने फवारणीसाठी दुसऱ्या बादलीत युरिया विरघळवला, तर बादलीच्या बाहेरच्या अंगाला हात लावताच ती गार पडल्याचे कळते. पहिल्या बदलात उष्णता बाहेर पडते, दुसऱ्यात ती शोषली जाते. शालेय पुस्तकात यांनाच अनुक्रमे उष्मादायी आणि उष्माग्राही बदल म्हटले आहे. व्याख्या बहुतेकांना पाठ असते. उष्णता नेमकी किती, हा प्रश्न मात्र वहीतल्या गणितापुरताच उरतो. लातूर-नांदेडकडील मुले प्रवेशपरीक्षेसाठी एन्थाल्पीची, म्हणजे अभिक्रियेत देवघेव होणाऱ्या उष्णतेची, उदाहरणे झपाट्याने सोडवतात, पण त्यांपैकी अनेकांनी तो आकडा स्वतः कधी मोजलेला नसतो. एक बरा थर्मामीटर, सोनाराकडे असतो तसा छोटा काटा आणि दोन कागदी ग्लास एवढ्या सामग्रीवर तो कोणत्याही शाळेत पाच-दहा टक्क्यांच्या फरकाने काढता येतो. अट एवढीच की उष्णता कोठून कोठे निसटते, हे आधी ओळखले पाहिजे.

मोजायचे काय

थर्मामीटर तापमान दाखवतो, उष्णता दाखवत नाही. शंभर ग्रॅम पाण्याचे तापमान दहा अंशांनी वाढवायला लागते त्याच्या दुप्पट उष्णता दोनशे ग्रॅम पाण्याला तेवढेच तापवायला लागते, म्हणून तापमानातील फरकाला वस्तुमानाची आणि विशिष्ट उष्म्याची (एक ग्रॅम पदार्थ एक अंशाने तापवायला लागणाऱ्या उष्णतेची) जोड दिल्याशिवाय उष्णतेचा आकडा मिळत नाही. पाण्याचा विशिष्ट उष्मा दर ग्रॅमला, दर अंश सेल्सिअसला ४.१८ ज्यूल आहे. द्रावण विरळ असेल तर त्यालाही हाच आकडा लावतात आणि हिशेब असा होतो: उष्णता = वस्तुमान × ४.१८ × तापमानातील फरक.

हा आकडा आपण घेतलेल्या नमुन्यापुरता असतो. दोन प्रयोगांची तुलना करायची तर त्याला अभिक्रियेत भाग घेतलेल्या मोलच्या संख्येने (एक मोल म्हणजे पदार्थाच्या रेण्वीय वस्तुमानाएवढे ग्रॅम) भागावे लागते आणि उत्तर दर मोलला किलोज्यूल असे मांडावे लागते. चिन्हाविषयी विद्यार्थ्यांचा हमखास गोंधळ होतो. ग्लासातील पाणी तापले म्हणजे ती उष्णता अभिक्रियेतील पदार्थांनी गमावली, म्हणून उष्मादायी अभिक्रियेच्या एन्थाल्पीतील बदल ऋण लिहितात. पाणी गार झाले तर तो धन असतो. चिन्ह नेहमी पदार्थांच्या बाजूने लिहायचे, पाण्याच्या बाजूने नव्हे, एवढे ध्यानात ठेवले की पुरते.

उष्णता येते कोठून, याविषयी ‘बंध तुटले की ऊर्जा बाहेर पडते’ असा समज सर्वत्र आढळतो आणि तो उलटा आहे. बंध तोडायला ऊर्जा घालावी लागते. नवा बंध तयार होताना ती बाहेर पडते. हायड्रोजनच्या एका मोलमधील बंध तोडायला ४३६ किलोज्यूल, तर क्लोरिनच्या एका मोलमधील बंध तोडायला २४२ किलोज्यूल लागतात, म्हणजे एकूण खर्च ६७८. त्यांपासून हायड्रोजन क्लोराइडचे दोन मोल तयार होताना प्रत्येकी ४३१ प्रमाणे ८६२ किलोज्यूल परत मिळतात. जमा खर्चापेक्षा १८४ किलोज्यूलने जास्त आहे, म्हणून ही अभिक्रिया उष्मादायी. युरियाच्या बाबतीत उलट घडते: स्फटिकातील रेणू एकमेकांपासून सोडवायला जेवढी ऊर्जा लागते तेवढी पाण्याशी नवी जवळीक जुळताना भरून निघत नाही, आणि तूट पाण्याच्या उष्णतेतून वसूल होते. तरीही युरिया आपोआप विरघळतो, कारण एका जागी रचलेले रेणू सर्व पाण्यात विखुरण्याकडे निसर्गाचा ओढा असतो. केवळ उष्णतेकडे पाहून अभिक्रिया होईल की नाही हे सांगता येत नाही.

सामग्री

पुस्तकांत सर्रास थर्माकोलचा ग्लास सुचवलेला असतो. महाराष्ट्रात २०१८ च्या बंदीपासून असे एकदाच वापरायचे ग्लास विकत मिळू नयेत अशी अपेक्षा आहे, आणि त्यांची गरजही नाही. चहा-सरबताचे २५० मिलिलिटरचे दोन कागदी ग्लास एकात एक घालावेत. दूरदर्शन संच किंवा फ्रिजच्या खोक्यातून निघालेल्या जाड थर्माकोलच्या ठोकळ्यात ग्लास घट्ट बसेल एवढा खळगा कोरावा, आणि त्याच थर्माकोलचे झाकण करून त्याला दोन छिद्रे पाडावीत: एक थर्मामीटरसाठी, दुसरे ढवळण्यासाठी. ढवळायला प्लॅस्टिकची किंवा काचेची कांडी घ्यावी. स्टीलचा चमचा उष्णता बाहेर वाहून नेतो.

थर्मामीटर ०.१ अंशापर्यंत वाचता येणारा हवा. ताप मोजण्याचा थर्मामीटर येथे चालत नाही, कारण त्याची पट्टी साधारण ३५ ते ४२ अंशांपुरतीच असते आणि तो सर्वांत मोठा आकडा धरून ठेवतो. सळई असलेला डिजिटल थर्मामीटर पुरेसा आहे, मात्र वापरण्याआधी तो बारीक फोडलेल्या बर्फाच्या आणि पाण्याच्या लगद्यात बुडवून शून्य दाखवतो का ते पाहावे. उकळत्या पाण्यात तपासणार असाल तर १०० ची अपेक्षा धरू नये. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच आहे आणि दर तीनशे मीटरला उत्कलनबिंदू सुमारे एक अंशाने उतरतो, त्यामुळे तेथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते. बालाघाटाच्या पठारावरही साधारण हीच स्थिती आहे. थर्मामीटर खोटा ठरवण्याआधी गावाची उंची पाहावी.

काटा ०.१ ग्रॅमचा असावा. पाणी मापाने न घेता वजनानेच घ्यावे. बोअरचे जड पाणी उष्णतेच्या हिशेबात फारसा फरक पाडत नाही, पण त्यातील क्षारांमुळे मोरचुदाचे द्रावण गढूळ होते, म्हणून बॅटरीच्या दुकानात मिळणारे डिस्टिल्ड पाणी घेणे उत्तम. संरक्षक चष्मा आणि रबरी हातमोजे सक्तीचे आहेत.

हवेचा उपद्रव

परदेशी पुस्तकांतील सूचना थंड, दमट प्रयोगशाळा गृहीत धरतात. मराठवाड्यातील एप्रिल-मेची कोरडी हवा ही वेगळीच अडचण आहे. चाळीस अंशांच्या कोरड्या दुपारी ओला थर्मामीटर ग्लासाबाहेर काढून वाचला, तर सळईवरील पाणी उडून जाताना तो दहा-पंधरा अंशांनीही खाली उतरू शकतो. कूलर ज्या कारणाने हवा गार करतो तेच हे कारण. म्हणून थर्मामीटर द्रावणातून अजिबात बाहेर न काढता वाचावा. उघड्या ग्लासातून एक ग्रॅम पाणी उडाले तरी ते सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता घेऊन जाते, आणि पुढे दिलेल्या युरियाच्या प्रयोगातील एकूण उष्णता अडीच किलोज्यूल आहे. झाकणाशिवाय केलेला प्रयोग त्यामुळे अभिक्रिया मोजतो की हवा, हे सांगता येत नाही.

प्रयोग सकाळी, पंखा बंद करून, शक्यतो हिवाळ्यात करावा. पाणी माठातले किंवा उन्हात तापलेल्या गच्चीवरच्या टाकीतले थेट घेऊ नये; आदल्या रात्री बाटली भरून प्रयोगाच्या खोलीतच ठेवावी. पाणी, रसायने आणि ग्लास या तिघांचे तापमान आरंभी एकच असले की निम्मी कटकट मिटते.

ग्लासाचा स्वतःचा वाटा

अभिक्रियेची थोडी उष्णता ग्लास, कांडी आणि थर्मामीटर यांना तापवण्यात जाते. तो वाटा काढण्यासाठी ग्लासात ५० ग्रॅम खोलीच्या तापमानाचे पाणी घ्यावे, दुसऱ्या भांड्यात ५० ग्रॅम पाणी सुमारे ५० अंशांपर्यंत गरम करून त्याचे तापमान ओतण्याच्या क्षणी नोंदवावे, आणि ते ग्लासात ओतून झाकण लावावे. समजा, गार पाणी ३०.० अंश, गरम पाणी ५०.० अंश आणि मिश्रण ३९.६ अंश आले. गरम पाण्याने गमावलेली उष्णता ५० × ४.१८ × १०.४ म्हणजे सुमारे २१७४ ज्यूल. गार पाण्याने मिळवलेली ५० × ४.१८ × ९.६ म्हणजे सुमारे २००६ ज्यूल. उरलेले १६८ ज्यूल ग्लासाने घेतले. त्याचेही तापमान ९.६ अंशांनी वाढले आहे, म्हणून त्याचा वाटा दर अंशाला सुमारे १७ ज्यूल. हे काम तीनदा करून सरासरी घ्यावी, कारण येथील लहान चूकही उत्तरात मोठी होते. पुढील सर्व उदाहरणांत १७ हाच आकडा धरला आहे; तुमच्या ग्लासाचा वेगळा येईल आणि तोच वापरावा.

पहिला प्रयोग: युरिया

हा सर्वांत निर्धोक प्रयोग असल्याने सुरुवात येथून करावी. शेतीसाठीच्या युरियाला कडुनिंबाच्या तेलाचा लेप असतो. त्याने पाण्यावर किंचित तवंग येतो, पण आकड्यावर फारसा परिणाम होत नाही. गंधकाचा लेप असलेला नवा प्रकार मात्र घेऊ नये. दाणे खलबत्त्यात कुटून त्यांची पूड करावी, नाहीतर विरघळायला वेळ लागतो आणि तेवढ्यात बाहेरची उष्णता आत शिरते. हा खलबत्ता नंतर स्वयंपाकघरात परत नेऊ नये.

ग्लासात १०० ग्रॅम पाणी घेऊन तापमान स्थिर होईपर्यंत थांबावे. १० ग्रॅम पूड एकदम घालून, झाकण लावून सतत ढवळावे आणि सर्वांत खालचे तापमान नोंदवावे. युरियाचे रेण्वीय वस्तुमान ६० आहे, म्हणजे १० ग्रॅममध्ये ०.१६७ मोल. एक मोल विरघळताना सुमारे १५ किलोज्यूल शोषले जातात, म्हणून येथे अडीच किलोज्यूल शोषले जाणार. द्रावण ११० ग्रॅम. त्याला दर अंशाला ४६० ज्यूल आणि ग्लासाचे १७ मिळून ४७७. तापमान पाच अंशांहून थोडे अधिक उतरले पाहिजे. तुमचे निरीक्षण साडेचार ते साडेपाचच्या दरम्यान असेल तर मांडणी नीट जमली आहे असे समजून पुढे जावे.

याच हिशेबाने फवारणीच्या बादलीचे कोडेही सुटते. पंधरा लिटर पाण्यात दोन किलो युरिया एकदम टाकला तर पाणी सुमारे सात अंशांनी उतरते, आणि पाणी गार झाले की उरलेले दाणे विरघळायला अधिक वेळ लावतात. थंडीच्या दिवसांत सकाळी तळाशी युरिया साचून राहतो तो यामुळे. थोडे कोमट पाणी वापरणे किंवा युरिया दोन-तीन हप्त्यांत टाकणे हा त्यावरचा सरळ उपाय आहे.

दुसरा प्रयोग: जस्त आणि मोरचूद, आलेखासह

युरिया झटपट विरघळतो. ज्या अभिक्रियेला दोन-तीन मिनिटे लागतात तेथे तापमान शिखरावर पोहोचेपर्यंत काही उष्णता निसटलेली असते, म्हणून दिसलेले सर्वांत मोठे तापमान खरे नसते. त्यावरचा उपाय आलेखातून मिळतो, आणि या लेखातून एकच गोष्ट शिकायची असेल तर ती ही असावी असे मला वाटते.

बाजारातील निळ्या मोरचुदाचे रेण्वीय वस्तुमान सुमारे २५० आहे. १२.५ ग्रॅम मोरचूद पाण्यात विरघळवून द्रावण २५० मिलिलिटर करावे, म्हणजे ते ०.२ मोलार (एका लिटरमध्ये ०.२ मोल) होते. त्यातील ५० मिलिलिटर ग्लासात घ्यावे. यात मोरचुदाचे ०.०१ मोल आहेत. जस्ताची पूड २ ग्रॅम तोलून बाजूला ठेवावी. ती गरजेपेक्षा बरीच जास्त आहे, आणि तशीच हवी, म्हणजे मोरचूद पूर्ण संपते.

घड्याळ सुरू करून पहिली तीन मिनिटे दर अर्ध्या मिनिटाला तापमान लिहावे. ठीक तिसऱ्या मिनिटाला वाचन न घेता जस्त घालावे, झाकण लावून ढवळत राहावे, आणि साडेतीन मिनिटांपासून बाराव्या मिनिटापर्यंत पुन्हा दर अर्ध्या मिनिटाला वाचन घ्यावे. निळा रंग फिकट होत जातो आणि तळाशी तांब्याचा तपकिरी-लालसर गाळ बसतो. आलेखावर आडव्या अक्षावर वेळ आणि उभ्या अक्षावर तापमान घेऊन बिंदू मांडले की रेषा चढून मग हळूहळू उतरताना दिसते. उतरत्या भागातून पट्टीने सरळ रेषा काढून ती मागे तिसऱ्या मिनिटापर्यंत वाढवावी. तेथे मिळणारे तापमान म्हणजे उष्णता मुळीच निसटली नसती तर जे आले असते ते.

समजा, आरंभीचे तापमान ३०.० अंश होते, सर्वांत मोठे वाचन सहाव्या मिनिटाला ३८.८ आले आणि त्यानंतर तापमान दर मिनिटाला ०.२ ने उतरत गेले. रेषा मागे नेली की तिसऱ्या मिनिटाला ३९.४ मिळतात. केवळ दिसलेला आकडा धरून आणि ग्लास विसरून हिशेब केला तर ५० × ४.१८ × ८.८, म्हणजे १८३९ ज्यूल; दर मोलला १८४ किलोज्यूल. आलेखाचा आकडा आणि ग्लासाचा वाटा दोन्ही धरले तर (२०९ + १७) × ९.४, म्हणजे सुमारे २१२४ ज्यूल. दर मोलला २१२ किलोज्यूल. प्रमाणित किंमत २१७ आहे. रसायने तीच, ग्लास तोच, फक्त हिशेब नीट केल्याने पंधरा टक्क्यांची चूक दोन-तीन टक्क्यांवर आली. उत्तर ऋण चिन्हाने लिहावे.

तिसरा प्रयोग: चुना जिवंत आहे का

कळीचा चुना पाण्याशी संयोग पावताना दर मोलला सुमारे ६५ किलोज्यूल उष्णता देतो. त्याचे रेण्वीय वस्तुमान ५६, म्हणजे एक किलो शुद्ध चुन्यातून जवळजवळ ११६० किलोज्यूल बाहेर पडतात. चार लिटर पाणी ३० अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला एवढी उष्णता पुरते. थोड्या पाण्यात भरपूर चुना टाकला की तो अंगावर उसळतो, प्लॅस्टिकची बादली मऊ पडते आणि डोळ्यांत उडालेला थेंब कायमची इजा करू शकतो, ते यामुळेच. डोळ्यात चुना गेल्यास पंधरा-वीस मिनिटे वाहत्या स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा आणि तत्काळ डॉक्टरांकडे जावे. व्हिनेगर किंवा लिंबू यांचे उपाय डोळ्यावर करू नयेत.

ही उष्णता मोजण्याचा व्यावहारिक उपयोग असा की तिच्यावरून चुन्याचा ताजेपणा कळतो. चुना गोणीत पडून राहिला की आधी हवेतील ओल शोषून विरतो आणि नंतर कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडीच्या रूपात जातो. या दोन्ही भागांपासून पाण्यात उष्णता मिळत नाही. कारखान्यांमध्येही चुना याच तत्त्वावर तपासतात: युरोपातील प्रमाणित चाचणीत २० अंशांच्या ६०० ग्रॅम पाण्यात १५० ग्रॅम चुना घालून तापमान ६० अंशांवर पोहोचायला किती वेळ लागतो ते पाहतात. शाळेत किंवा शेतावर एवढ्या तीव्र मिश्रणाची गरज नाही.

आपल्या ग्लासात १५० ग्रॅम पाणी घ्यावे. गोणीच्या वरच्या थरातील खडा न घेता मधला खडा फोडून, त्याची बारीक पूड करून ७.५ ग्रॅम तोलावी. पूड करताना चष्मा हवाच आणि नाका-तोंडाला रुमालही बांधावा. पूड पाण्यात घालावी. पाणी पुडीवर ओतू नये. झाकण लावून ढवळावे आणि आलेखाची वर दिलेली रीतच वापरावी. शुद्ध, ताजा चुना असेल तर ०.१३४ मोलमधून ८.७ किलोज्यूल मिळून तापमान सुमारे १३ अंशांनी चढते. आठच अंश चढले तर साधारण साठ टक्के चुना जिवंत आहे असा अर्थ होतो.

येथे दोन गोष्टी वेगळ्या ओळखाव्यात. तापमान पूर्ण चढते पण फार सावकाश चढते, तेव्हा चुना शिळा नसून भट्टीत जास्त भाजलेला असतो. त्याला भिजायला वेळ द्यावा लागतो, एवढेच. तापमान कमीच चढते तेव्हा मात्र तो विरलेला की चुनखडी झालेला, हे पाहायला चिमूटभर नमुन्यावर पातळ आम्ल किंवा व्हिनेगर टाकावे. जोराने फेस आला तर चुनखडी. विरलेला चुना बोर्डोसाठी वाया गेलेला नसतो. फक्त तो वजनाने जास्त घ्यावा लागतो, कारण एक किलो कळीचा चुना विरला की १.३२ किलो होतो. चुनखडी झालेल्या भागाचा मात्र उपयोग होत नाही, आणि एक किलो मोरचूद, एक किलो चुना व शंभर लिटर पाणी हे एक टक्का बोर्डो मिश्रणाचे प्रमाण कागदावर बरोबर असूनही मिश्रणात तांबे मोकळे राहून पाने करपतात. म्हणूनच तयार मिश्रणात स्वच्छ घासलेला लोखंडी खिळा बुडवून पाहण्याची पद्धत आहे: खिळ्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला. हा थर म्हणजे आपल्या दुसऱ्या प्रयोगातील अभिक्रियाच, जस्ताच्या जागी लोखंड घेऊन झालेली.

जेथे मोजता येत नाही तेथे: हेसचा नियम

काही अभिक्रियांची उष्णता ग्लासात मोजताच येत नाही. चुनखडी भाजून चुना करायला सुमारे ९०० अंश लागतात, आणि चुन्याचा हात दिलेली भिंत हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन पक्की व्हायला महिने लागतात. अशा ठिकाणी जर्मेन हेन्री हेस याने सेंट पीटर्सबर्ग येथे १८४० मध्ये मांडलेला नियम कामी येतो: आरंभीचे आणि शेवटचे पदार्थ तेच असतील तर मार्ग कोणताही घ्या, एकूण उष्णता तीच राहते. भट्टी चुनखडीच्या दर मोलला १७८ किलोज्यूल घेते. चुना पाण्यात भिजताना त्यातील ६५ परत मिळतात. विरलेला चुना भिंतीवर पुन्हा चुनखडी होतो तेव्हा आरंभीच्या पदार्थापर्यंत फेरी पूर्ण होते, म्हणून भिंतीने १७८ वजा ६५, म्हणजे ११३ किलोज्यूल दिलेच पाहिजेत. ते महिनोन्‌महिने इतके हळू निघतात की हाताला कळत नाहीत.

हा नियम स्वतः पडताळायचा असेल तर पुन्हा मोरचूद घ्यावे. निळे मोरचूद चिनी मातीच्या बशीत, शिक्षकांच्या देखरेखीखाली, मंद आचेवर पांढरे होईपर्यंत तापवावे. जास्त तापवल्यास ते काळवंडते आणि घातक वायू निघतात. घट्ट झाकून गार झालेले ४.० ग्रॅम पांढरे मोरचूद ५० ग्रॅम पाण्यात घातल्यास तापमान सुमारे ६.८ अंशांनी चढते. ६.२ ग्रॅम निळे मोरचूद ४७.८ ग्रॅम पाण्यात घातल्यास ते सव्वा अंशाच्या आसपास उतरते. दोन्ही वेळा ०.०२५ मोल मोरचूद आहे, आणि निळ्या स्फटिकात आधीच सव्वादोन ग्रॅम पाणी बांधलेले असल्याने पाणी तेवढे कमी घेतले आहे. शेवटचे द्रावण त्यामुळे एकसारखेच होते. दर मोलला पहिला आकडा उणे ६६.५ आणि दुसरा अधिक ११.७ किलोज्यूलच्या जवळ यावा. त्यांतील फरक, उणे ७८.२, हा पांढरे मोरचूद निळे होण्याची उष्णता आहे. ती थेट मोजणे अवघड, कारण पांढऱ्या पुडीवर मोजके पाच रेणू पाणी चढवून तेथेच थांबता येत नाही. सव्वा अंशाचा फरक वाचायचा असल्याने येथे ०.१ अंशाची चूकही आठ टक्क्यांची होते. घाई करू नये.

आम्ल, आम्लारी आणि शेंगदाणा

उदासिनीकरणाचा प्रयोग बहुतेक प्रयोगशाळांत होतोच. एक मोलार हायड्रोक्लोरिक आम्ल आणि एक मोलार कॉस्टिक सोडा प्रत्येकी ५० मिलिलिटर मिसळल्यास तापमान साडेसहा अंशांच्या आसपास चढते, म्हणजे पाण्याच्या दर मोलला सुमारे ५७ किलोज्यूल. कॉस्टिक सोड्याचे द्रावण आदल्या दिवशी करून ठेवावे, कारण तो विरघळतानाच दर मोलला सुमारे ४४ किलोज्यूल देतो आणि ती उष्णता उत्तरात मिसळली की सारा हिशेब बिघडतो. हायड्रोक्लोरिकच्या जागी नायट्रिक आम्ल घेतले तरी आकडा तोच येतो, कारण दोन्हीकडे खरी अभिक्रिया हायड्रोजन आणि हायड्रॉक्सिल आयनांपासून पाणी होण्याचीच असते. व्हिनेगरमधील ॲसेटिक आम्लाला आयन सुटे करण्यात थोडी ऊर्जा खर्चावी लागते, म्हणून ते किंचित मागे राहते. आम्ल पातळ करताना आम्ल पाण्यात ओतावे, पाणी आम्लात कधीही नाही.

ज्वलनाची उष्णता मोजायला शेंगदाणा टाचणीवर टोचून, पेटवून, त्यावर टांगलेल्या डब्यातील १०० ग्रॅम पाणी तापवण्याची रीत आहे. शेंगदाण्यात दर ग्रॅमला सुमारे २४ किलोज्यूल असतात, म्हणजे अर्ध्या ग्रॅमच्या दाण्याने पाणी अठ्ठावीस अंशांनी तापायला हवे. निम्मे तापले तरी नशीब समजावे, कारण ज्योतीची बरीचशी उष्णता डब्याला न शिवता वर निघून जाते. हा प्रयोग दोन दाण्यांच्या तुलनेपुरता ठीक आहे. करडई आणि शेंगदाणा यांचा क्रम त्यातून लागू शकेल, पण खरा आकडा त्यातून मिळणार नाही. त्यासाठी ऑक्सिजन भरलेले बंद पोलादी भांडे पाण्यात बुडवून आत ज्वलन घडवावे लागते, आणि ते साधन शाळेच्या आवाक्याबाहेरचे आहे. लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी १७८२-८३ च्या हिवाळ्यात वितळलेल्या बर्फाच्या वजनावरून उष्णता मोजली तेव्हाही ‘निसटलेली उष्णता कशी अडवावी’ हीच त्यांची मुख्य चिंता होती.

प्रयोगानंतर

युरियाचे पाणी कुंडीतील झाडांना भरपूर पाणी मिसळून घालता येते. मोरचुदाचे द्रावण नाल्यात, विहिरीजवळ किंवा जनावरांच्या पाण्याच्या वाटेवर ओतू नये. मेंढ्यांना तांबे अल्प प्रमाणातही बाधते. उरलेल्या निळ्या द्रावणात तिसऱ्या प्रयोगातील चुन्याचे पाणी हळूहळू मिसळावे, म्हणजे तांबे निळसर गाळाच्या रूपात तळाशी बसते. वरचे पाणी पूर्ण रंगहीन झाल्यावर खिळ्याची परीक्षा करावी, खिळा स्वच्छ राहिला तर पाणी निथळून टाकावे आणि गाळ वाळवून, नावाची चिठ्ठी लावलेल्या बरणीत प्रयोगशाळेत ठेवावा. दुसऱ्या प्रयोगातील गाळात न वापरलेली जस्ताची पूड असते. ती ओली असताना बंद बरणीत भरू नये, कारण हळूहळू हायड्रोजन वायू साचून बरणी फुटू शकते; गाळ पाण्याने दोनदा धुऊन, कागदावर पसरून, सावलीत पूर्ण वाळू द्यावा आणि मगच झाकण लावावे.